कंग्राळीची गंजी

नामांकित चित्रकार मुलांना शिकवावेत कसे? कंग्राळीत कलाशिक्षक असताना मी पुष्कळ दिवस जन्मसाले आणि चित्रांची नावेच पाठ करून घेत असे. परीक्षा संपली की मुले सारे विसरत. ‘चित्रकार मुंबईला, नाहीतर विलायतेला होतात,’ ही समजूत मात्र पक्की राही.

एका सुगीत मी पुस्तक मिटले. फ्रान्सच्या क्लोद मोनेने १८९०-९१ साली जिव्हर्नी गावच्या शेतातल्या गंज्या निरनिराळ्या प्रहरी पुनःपुन्हा रंगविल्या, एवढेच सांगितले आणि मुलांना भाताच्या पिंजराच्या गंजीपुढे बसविले. सकाळची पिवळी गंजी दुपारी पांढुरकी झाली. सावली निळसर निघाली. संध्याकाळचे चित्र उद्यावर ठेवले. निघताना सांगितले की, चित्रकार रवी परांजपे १९३५ साली आपल्या बेळगावातच जन्मले आणि इथल्याच के. बी. कुलकर्ण्यांपाशी शिकले.

“म्हणजे आपलेच की!” एकजण उद्गारला.

दुसऱ्या दिवशी गंजीचा मालक वैरण काढायला आला, तशी त्याची नात आडवी आली.

“आज्जा, आज गंजी मोडू नको. सांजचं चित्र राहिलंय!”

म्हाताऱ्याने मुकाट्याने दोर गुंडाळून ठेवला.