खारजमिनीतला भात आणि पंचेचाळीस जोड्या

पेण तालुक्यातल्या डोलवीचं नाव घेतलं की पोलाद कारखाना आठवतो. पण धरमतर खाडीलगतच्या या पट्ट्यात खारजमिनीतली भातशेतीही आहे. अशाच जमिनीसाठी पनवेलच्या खारभूमी संशोधन केंद्रातून 'पनवेल १', 'पनवेल २', 'पनवेल ३' हे क्षार सोसणारे वाण आले.

अशा वाणांच्या चाचणीत खरी गंमत उत्पन्न मोजून झाल्यावर सुरू होते. एफ-चाचणी इतकंच सांगते की सगळे वाण सारखे नाहीत. कोण कोणापेक्षा सरस? त्यासाठी जोड्या लावाव्या लागतात: चार वाणांच्या ६, दहा वाणांच्या तब्बल ४५! प्रत्येक जोडी ५ टक्के पातळीवर सुटी तपासली, तर वाण मुळात सारखे असले तरी सरासरी दोनाहून जास्त 'फरक' निव्वळ योगायोगाने दिसतील. म्हणून सगळ्या जोड्यांचा एकत्र हिशेब धरणारी ट्युकीची दुरुस्ती.

निकाल दाखवायची लोकप्रिय रीत म्हणजे सरासरीपुढे अ, ब, क अशी अक्षरं. अक्षर सामाईक असेल, तर त्या दोघांतला फरक सिद्ध झालेला नाही. तो नाहीच, असं मात्र नव्हे! अनेक अहवाल इथेच घसरतात.

'आर' या संख्याशास्त्रीय संगणकप्रणालीतलं रसेल लेन्थ यांचं 'ईएममीन्स' पॅकेज याहून बोलकं चित्र देतं. त्यातल्या 'पीडब्ल्यूपीएम' तक्त्यात कर्णावर सरासरी, वरच्या त्रिकोणात पी-मूल्यं आणि खालच्या त्रिकोणात प्रत्येक जोडीतला फरक असतो. शेतकऱ्याला हवा असलेला आकडा, हेक्टरी किती जास्त, तो या खालच्या त्रिकोणात मिळतो.