कुंडीत कुमक्वाट लावताय? डिंगोरेत थंडीपेक्षा पावसाळा सांभाळा

इवल्याशा संत्र्यांनी लगडलेली कुंडी मोबाइलवर दिसली, की कुमक्वाट घरी लावायचा मोह होतो. सालीसकट खायचे हे फळ मूळचे चीनचे. साल गोडसर, आतला गर आंबट. रॉबर्ट फॉर्च्यून या स्कॉटिश संग्राहकाने १८४६ मध्ये ते लंडनला नेले. माळशेज घाटाच्या वाटेवरच्या डिंगोरेत ते अंगणात वाढेल का? वाढेल, पण दोन गोष्टी आधी पाहाव्या लागतील.

रोप खरेच कुमक्वाटचे आहे का?

रोपवाटिकांत 'चायना ऑरेंज' म्हणून मिळणारे झाड बहुतेक वेळा कॅलमोंडिन असते, म्हणजे कुमक्वाट आणि संत्र्याचा संकर. त्याचे फळ गोल असते आणि साल सहज सुटते. कुमक्वाटची साल गराला घट्ट चिकटलेली असते, आत चार-पाचच फोडी. नागामी जातीचे फळ तर मोठ्या लांबट द्राक्षासारखे दिसते. जुन्नरकरांना वेगळे सांगायला नको. कॅलमोंडिन सरबताला उत्तम, पण पैसे कुमक्वाटचे मोजू नका. रोप कलमीच घ्या.

खरा धोका मुळांना

कुमक्वाट शून्याखालचे तापमानही सोसतो, त्यामुळे जुन्नरच्या थंडीची काळजी नाही. काळजी आहे ती जून ते सप्टेंबरची. कुंडीत पाणी साचले की मुळे कुजतात आणि खोडातून डिंक गळू लागतो. लिंबू-संत्र्याच्या बागायतदारांना हा 'डिंक्या' चांगलाच ठाऊक आहे.

म्हणून १४ ते १६ इंची, भरपूर छिद्रांची कुंडी घ्या आणि ती विटांवर ठेवा. पावसाळ्यात खालची ताटली काढून टाका. निव्वळ काळी माती नको. तिच्यात वाळू, कोकोपीट आणि कुजलेले शेणखत मिसळा. कलमाचा जोड मातीत गाडू नका. जोडाखालून फुटणारे काटेरी फुटवे लगेच काढा, नाहीतर कुमक्वाट मागे पडून खुंटच माजतो. पावसाळ्याआधी खोडाला बोर्डो पेस्ट लावा: १०० ग्रॅम मोरचूद, १०० ग्रॅम चुना, १ लिटर पाणी. ती प्लॅस्टिकच्या बादलीतच कालवा, लोखंडी भांड्यात नको.

सहा तास ऊन हवेच. एरवी वरची इंचभर माती सुकली की पाणी. कोवळी पाने पिवळी आणि शिरा हिरव्या दिसल्या तर लोह कमी पडते आहे. चिलेटेड फेरसची हलकी फवारणी करा. द्राक्षबागायतदाराच्या घरी ते बहुधा सापडेलच.

शेजारी कढीपत्ता असेल तर पानांवर रोज नजर ठेवा. लिंबावरचे फुलपाखरू दोन्हींवर अंडी घालते. तिची लहान अळी पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसते, म्हणून दुर्लक्ष होते. एक-दोन झाडांसाठी औषध कशाला? हाताने वेचा.

फुले उन्हाळ्यात येतात, फळे हिवाळ्यात पिकतात. पूर्ण केशरी झाल्यावर कात्रीने कापा. खाण्याआधी फळ बोटांत हलके चोळले, की सालीतले तेल सुटते आणि वास खुलतो.