यान बोलतच होते!

आम्हां मराठीच्या मास्तरांना यंत्रातले काय कळते, असे घरची मंडळी खुशाल म्हणतात; आणि ते फारसे खोटेही नाही! परंतु मोडी कागदांचे रुमाल ज्याने सोडून पाहिले आहेत, त्याला एक दुःख चांगले ठाऊक असते : कागद शाबूत, शाई शाबूत, वाचणारा मात्र नाही. अवकाशातल्या एका यानावर नेमका हाच प्रसंग आला, म्हणून हा लेखनप्रपंच.

‘आय.एस.ई.ई.-३’ हे यान अमेरिकेने १२ ऑगस्ट १९७८ रोजी सोडले. १९८५ साली ते एका धूमकेतूच्या शेपटीतून पार झाले. धूमकेतूला भेटणारे ते पहिलेच यान. १९९७ मध्ये नासाने त्याची मोहीम संपविली, पुढे त्याच्याशी बोलणारी प्रक्षेपणयंत्रेही काढून टाकली. यान मात्र सूर्याभोवती फिरत साद घालीतच राहिले. २०१४ साली ते पृथ्वीजवळ येणार होते. पण त्याच्याशी बोलायचे कशाने?

आजोबांचा रेडिओ आठवा. कॉइल आणि कंडेन्सर यांची कारखान्यात जी जुळणी झाली, ती जन्माची. सॉफ्टवेअर रेडिओची तऱ्हा निराळी. आलेल्या लहरीची तो सेकंदाला लक्षावधी मापे घेतो आणि तिचे आकडे करून टाकतो. मग हवी ती लहर निवडणे, तिच्यातला संदेश वेगळा काढणे, हे सारे गणित! ते संगणक करतो, नाहीतर त्याच कामासाठी घडविलेली चिप. गणित बदलले की रेडिओ बदलला. सोल्डरिंगला हात लावायला नको. गोम एवढीच, की आकड्यांचा लोंढा थांबत नाही. पुढचे येण्याआधी आधीचे निकालात काढावे लागतात. रचनाकाराची खरी कसोटी तेथेच.

काही हौशी तंत्रज्ञांनी दीड लाख डॉलरांवर लोकवर्गणी जमविली, जुनी कागदपत्रे धुंडाळून यानाची बोली समजावून घेतली आणि ती अशा रेडिओला शिकविली. कॅलिफोर्नियातील एका बंद पडलेल्या उपाहारगृहात त्यांचे बिऱ्हाड होते! प्वेर्तो रिकोमधील अरेसिबोच्या ३०५ मीटर रुंद थाळीवरून त्यांनी हाक दिली आणि २९ मे २०१४ रोजी यानाने ओ दिली.

२ जुलैला यानाचे इंजिन थोडे पेटलेही. पण ८ तारखेला मार्ग वळविण्याचा प्रयत्न फसला. इंधन ढकलणारा नायट्रोजन वायू उरलेला नव्हता. भाषा जुळली, पण अंगात त्राण नव्हते. १६ सप्टेंबरला शेवटचे बोलणे झाले आणि यान पुन्हा आपल्या वाटेने दूर निघून गेले.