पडद्यावरचा हात, रंगमंचावरचे गाणे

डोळ्यांतला थेंब कॅमेरा पडदाभर दाखवतो. नाटकात शेवटच्या रांगेला तो दिसायचा कसा? चित्रपटाची संगीतिका करणाऱ्यापुढे हाच खरा पेच!

अर्न्स्ट लुबिचचा १९४० सालचा ‘द शॉप अराउंड द कॉर्नर’ घ्या. बुडापेस्टच्या एका दुकानातले दोघे विक्रेते दिवसभर भांडतात आणि नकळत एकमेकांनाच निनावी प्रेमपत्रे लिहितात. एकदा पत्र येत नाही. टपालाच्या रिकाम्या खणात चाचपडणारा नायिकेचा हात दिसतो, आणि काळीज हलते.

१९६३ साली याच कथेवरून ‘शी लव्हज मी’ ही संगीतिका न्यूयॉर्कच्या रंगमंचावर आली. जेरी बॉक यांचे संगीत, शेल्डन हार्निक यांची गीते. कॅमेऱ्याचे काम त्यांनी गाण्यावर सोपवले. आजारी म्हणून घरी राहिलेल्या नायिकेकडे तिचा दुकानातला वैरी आइस्क्रीम घेऊन येतो. तो गेल्यावर ती अनोळखी प्रियकराला पत्र लिहायला बसते. पण मनात घोळतो तो आइस्क्रीमवालाच! गाता गाता तिचे गुपित तिच्याआधी आपल्याला कळते.

पहिल्या खेपेस जेमतेम ३०० प्रयोग झाले. पण १९९३ आणि २०१६ साली ब्रॉडवेने ती पुन्हा उभी केली. गोष्ट काय, कोणीही उचलील. नव्या घरची भाषा तिला शिकवता आली पाहिजे.