पेशीत दारे धरणारे सूक्ष्म रेणू

रात्री उसाला पाणी चालू असले की दारे धरणारा जागा लागतो. एक सरी भरली की तो मातीने तिचे दार बंद करतो. त्याला डुलकी लागली तर तिथे तळे साचते. आपल्या शरीरातील पेशींतही असे राखणदार आहेत. त्यांना मायक्रोआरएनए म्हणतात.

पेशीतील जनुकाचा निरोप आरएनएच्या धाग्यावरून जातो आणि त्याबरहुकूम प्रथिन तयार होते. मायक्रोआरएनए हा जेमतेम २२ अक्षरांचा तुकडा. तो त्या निरोपाला चिकटतो आणि प्रथिन कमी होते. व्हिक्टर अँब्रोस आणि गॅरी रव्हकुन या अमेरिकन शास्त्रज्ञांनी १९९३ साली हा प्रकार मिलिमीटरभर लांबीच्या एका कृमीत दाखवला. त्याबद्दल त्यांना २०२४ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

आता स्वादुपिंडाकडे वळू. जठरामागची ही ग्रंथी पाचकरस आणि इन्शुलिन तयार करते. तिच्या कर्करोगात बहुतेक रुग्णांचे केरास नावाचे जनुक बिघडलेले असते आणि 'वाढ, वाढ' हा निरोप थांबतच नाही. केरासला आवर घालणारा लेट-७ हा राखणदार या रोगात कमी पडलेला आढळतो. उलट मिर-२१ फार वाढतो आणि वाढ रोखणाऱ्या प्रथिनांचेच पाणी तोडतो. एक राखणदार झोपलेला, दुसरा भलतेच दार लावणारा. मग गाठ वाढणारच.

मग कमी पडलेला रेणू बाहेरून द्यावा की नाही? मिर-३४ हा असाच आवर घालणारा रेणू निरनिराळ्या कर्करोगांच्या रुग्णांना देऊन पाहिला गेला. पण काहींना गंभीर त्रास झाल्याने २०१६ साली तो प्रयोग थांबवावा लागला. रक्तातील मायक्रोआरएनएवरून हा रोग लवकर ओळखता येईल का, याचेही संशोधन चालू आहे. गावच्या दवाखान्यात तशी तपासणी अजून होत नाही.

म्हणून आम्ही कळकळीने सांगतो, प्रत्येक कावीळ पाल्याच्या रसावर सोपवू नका. स्वादुपिंडाच्या गाठीने पित्तनळी दाबली की डोळे पिवळे होतात, लघवी गडद व शौच पांढुरके होते, अंगाला खाज सुटते. पोट दुखेलच असे नाही. वजन घटणे, पाठीपर्यंत जाणारी पोटदुखी, उतारवयात अचानक जडलेला मधुमेह याही खुणा आहेत. अशा वेळी डॉक्टरांकडून सोनोग्राफी करून घ्यावी. गाठ लहान असतानाच शस्त्रक्रियेचा उपयोग होतो. रसाच्या भरवशावर गेलेले महिने परत येत नाहीत. आणि विडी-सिगारेट आजच सोडावी. या रोगाचा धोका तिने वाढतो.