विजेच्या सायकलीचे पंक्चर

आमच्या बडोद्याच्या रस्त्यांवर अलीकडे एक निराळीच सायकल अधूनमधून दृष्टीस पडते. तिची चाके मोटारसायकलच्या चाकांसारखी पुष्ट, सांगाड्यात विजेची बॅटरी आणि मागच्या चाकाच्या मध्यभागी लहानशा डब्याएवढी मोटर. पायडल मारावे आणि पाठीमागून कोणीतरी हलकेच लोटावे, असा तिच्यावर बसणाऱ्यास अनुभव येतो. साठी उलटल्यावर आणि गुडघ्यांनी असहकार पुकारल्यावर मी अशी एक सायकल घेतली. पहाटे उठून सिंधरोटच्या बाजूस महीकाठापर्यंत जाऊन यावे, हा माझा तरुणपणचा परिपाठ तिच्यामुळे पुन्हा सुरू झाला. आणि दोन महिन्यांत चार वेळा पंक्चर होऊन तो बंदही पडला.

चौथ्या खेपेस मे महिन्याच्या उन्हात बत्तीस किलोंचे ते धूड चार किलोमीटर ढकलीत आणले, तेव्हा ‘एकदाची विकून टाका ती’ असा घरातून निर्वाणीचा सल्ला मिळाला. सल्ला गैर नव्हता. पण सायकल विकावयाची म्हणजे सकाळ विकावयाची, हे काही मनास पटेना. तेव्हा विकण्यापूर्वी हे पंक्चर होते तरी कशाने, याचा छडा लावावयाचे ठरविले. त्या शोधात जे हाती आले, ते आज आपणांपुढे ठेवीत आहे.

प्रथम ह्या टायरचे कुळ पाहू. हवेने भरलेला टायर बेलफास्ट येथील डनलॉप नावाच्या गुरांच्या डॉक्टराने १८८८ साली आपल्या मुलाच्या तीनचाकीसाठी तयार केला, हे पुष्कळांस ठाऊक असेल. चार इंच रुंदीचा सायकलचा टायर मात्र अगदी अलीकडचा आणि त्याची पैदास बर्फावरची व वाळवंटातली. अलास्कात १९८७ पासून बर्फावरून सायकलींची लांब पल्ल्याची शर्यत होऊ लागली. साधे चाक बर्फात रुते, म्हणून हौशी स्वारांनी दोन-दोन रिमा एकमेकींस जोडून रुंद चाके बनविली. पुढे २००५ च्या सुमारास तशा तयार सायकली बाजारात आल्या. टायर रुंद करावयाचा आणि त्यात हवा कमी ठेवावयाची, म्हणजे तो जमिनीवर पसरतो व रुतत नाही, हे त्यामागचे तत्त्व. टायर सहज पसरावा म्हणून त्याचे कापडही बेताचेच जाड ठेवतात. बर्फावर काटे नसतात, हे येथे ध्यानात ठेवावे.

महीच्या कोतरांत काट्यांवाचून दुसरे काय आहे? वेडी बाभूळ तेथे माजली आहे. गुजरातीत तिला ‘गांडो बावळ’ म्हणतात. ही बया मूळची अमेरिका खंडातली. उलट अमेरिकेच्या पश्चिम भागातील सायकलस्वारांचा पहिला वैरी कोण म्हणाल, तर आपला सराटा! वैद्य ज्यास गोक्षुर म्हणतात तोच. तिकडे त्याने असा उच्छाद मांडला की, १९६१ मध्ये त्याच्या नायनाटासाठी परदेशातून खास भुंगे आणून सोडावे लागले. आपला काटा तिकडे, त्यांचा इकडे. फिटंफाट झाली म्हणावयाची.

आता थोडे गणित. सायकल व स्वार मिळून शंभर किलो धरले, तर त्यांपैकी साठ किलो, म्हणजे सुमारे १३२ पौंड, मागच्या चाकावर येतात. चाकात दर चौरस इंचास २२ पौंड दाब असेल तर तो भार तोलण्यास टायरचा सुमारे ६ चौरस इंच भाग जमिनीस टेकावा लागतो. साध्या सायकलीच्या चाकात ह्याच्या दुप्पट, म्हणजे ४४ पौंड दाब असला, तर ३ इंच पुरतात. शिवाय अरुंद टायर दोन काट्यांच्या मधून निसटून जातो. चार इंचांचा टायर रस्ता झाडीत जातो आणि झाडलेले सारे आपल्या अंगात रुतवून घेतो.

परंतु काटा हे अर्धेच उत्तर आहे, आणि माझ्या मते लहान अर्धे. खरी मेख मोटरीत आहे. साध्या सायकलीची हवा कमी झाली की प्रथम पाय कुरकुरतात. चढ नसताना चढ लागल्यासारखे वाटते आणि स्वार मुकाट्याने उतरून पंप मारतो. विजेच्या सायकलीत हा निरोप पायांपर्यंत पोचतच नाही. जे जड झाले ते मोटर परस्पर ओढते. बोटाने दाबून पाहावे तर जाड टायर भरलेला असतानाही मऊच लागतो. त्यातून मूळ दाब थोडा. ४४ पौंडांतून पाच गेले तर नववा हिस्सा गेला. २२ तून पाच गेले तर जवळजवळ पाव. ट्यूबमधून आठवड्यागणिक थोडी हवा आपोआप झिरपतच असते. अशा रीतीने स्वारास पत्ता न लागता टायर ढिला होतो आणि नाना तऱ्हांनी पंक्चर होण्यास सिद्ध होतो.

त्या तऱ्हा ट्यूबवरील छिद्र स्वतःच सांगते. मात्र ते वाचावयाचे असेल तर टायर सोडविण्यापूर्वी व्हॉल्व्हच्या शेजारी टायरवर खडूची एक खूण करावी आणि ट्यूब काढताना तिची बाजू बदलू देऊ नये. मग ट्यूबमध्ये हवा भरून ती पाण्याच्या घमेल्यात धरावी. बुडबुडे व्हॉल्व्हपासून वीतभर अंतरावर निघाले, तर टायरवरही तेथेच वीतभर मोजून पाहावे. इतकी साधी गोष्ट. पण माझ्या पहिल्या दोन पंक्चरांच्या वेळी ती ना मी केली, ना दुरुस्ती करणाराने. त्याने ट्यूबला ठिगळ लावून दिले, पैसे घेतले आणि टायरात मोडून राहिलेले काट्याचे टोक तसेच राहिले. आठवडाभरात त्याच टोकाने ठिगळाच्या शेजारी दुसरे छिद्र पाडले. टायरच्या आतून कापसाचा बोळा फिरविला की असे टोक तंतू पकडून उघडे पडते. नुसती बोटे फिरवू नयेत. रक्त निघते, हे अनुभवाने सांगतो.

तिसरे पंक्चर व्हॉल्व्हच्या मुळाशी झाले होते. तेथे काटा पोचण्याचा संभवच नाही. घडते ते असे: टायर ढिला असताना मोटरीने एकदम जोर दिला की रिम पुढे सरकते, टायर मागे राहतो व ट्यूबला आपल्याबरोबर ओढतो. व्हॉल्व्ह मात्र रिमच्या भोकात अडकलेला. ह्या ओढाताणीत त्याचे मूळ फाटते. व्हॉल्व्ह तिरपा झालेला दिसला की हे अरिष्ट जवळ आले असे समजावे. फाटलेल्या मुळास ठिगळ चालत नाही. ट्यूबच नवी घ्यावी लागते.

चौथे छिद्र ट्यूबच्या आतल्या अंगास, म्हणजे रिमकडील बाजूस होते. रिमवर आऱ्यांची टोके झाकणारी जी पट्टी असते ती एका बाजूस सरकली होती आणि उघड्या पडलेल्या भोकाची कड ट्यूबला घासत होती. रस्त्यास मी महिनाभर शिव्या दिल्या त्या ह्या खेपेस तरी फुकट गेल्या. आणखी एक तऱ्हा माझ्या वाट्यास आली नाही, पण शेजारच्या चिरंजीवांच्या आली: ढिला टायर गतिरोधकावर जोराने आपटला की ट्यूब रिमच्या कडांत चिमटते आणि सापाच्या दंशासारखी दोन छिद्रे शेजारी शेजारी पडतात.

तेव्हा चार पंक्चरांत नवा काटा एकच. बाकीची तीन माझ्या व दुरुस्ती करणाऱ्याच्या हयगयीची.

मोटरीचे चाक काढावयाचे म्हणजे विजेची तार सोडवावी लागते, मोठे नट सैल करावे लागतात. म्हणून पुष्कळ दुकानदार ‘साहेब, हे आमचे काम नव्हे’ म्हणून हात जोडतात. पण छिद्र कोठे आहे हे कळले असेल, तर चाक काढण्याचे कारणच नाही. सायकल आडवी निजवावी, टायरची एकच कड रिमवरून उतरवावी, ट्यूबचा तेवढाच भाग बाहेर ओढावा, सँडपेपरने घासून सोल्यूशन लावावे, ते पुरते सुकू द्यावे व मग ठिगळ दाबावे. काटा काढून टायर पुन्हा बसवावा. सायकल उलटी मात्र उभी करू नये. हँडलवरील आकडे दाखविणारी काच आणि ब्रेकचे दांडे भाराखाली येतात.

ट्यूबमध्ये ओतावयाचे छिद्र बुजविणारे द्रव मिळते. बारीक काट्यांवर ते खरोखर गुणकारी आहे. पण जाड टायरास ते पुष्कळ अधिक लागते, काही महिन्यांनी सुकते, आणि फाटलेल्या व्हॉल्व्हपुढे ते हतबल आहे. टायर व ट्यूब यांच्यामध्ये घालावयाच्या जाड पट्ट्याही येतात. त्यांची टोके ट्यूबला घासून स्वतःच छिद्र पाडतात, म्हणून टोकांवर चिकटपट्टी लावावी. भरीव टायरांची शिफारस मजजवळ एकाने केली होती. मी ती नाकारली. हवाच नको असेल तर बैलगाडी काय वाईट?

मी प्रत्यक्ष केले ते एवढेच. रिमची पट्टी नवी घातली, मागे अधिक जाड कापडाचा टायर बसविला आणि कमी दाब नीट दाखविणारे लहानसे मापयंत्र विकत घेतले. पेट्रोल पंपावरील यंत्र मोटारींच्या दाबांसाठी असते. तेथे क्षणभरात नको तेवढी हवा भरते. माझ्या टायरच्या कडेवर ३० पौंडांची कमाल मर्यादा छापली आहे. मी मागे २२ व पुढे १८ ठेवतो आणि दर रविवारी मोजून वहीत लिहितो.

दिवाळीपासून त्या वहीत दोनच पंक्चरांची नोंद आहे. दोन्ही ट्यूबच्या बाहेरच्या अंगास, दोन्ही वेड्या बाभळीची. दुसरे सिंधरोटच्या अलीकडे झाले. रस्त्याच्या कडेस निंबाखाली बसून ते काढण्यास पाऊण तास लागला. त्यातला निम्मा वेळ जमलेल्या मंडळींना खडूची खूण कशासाठी, हे समजावून सांगण्यात गेला.