दुधाची पिशवी : गोठ्यापासून कचऱ्यापर्यंत

शहरातील अनेक घरांत सकाळी अर्ध्या लिटरची दुधाची पिशवी येते. तिचा कोपरा कापून दूध पातेल्यात ओतले जाते, रिकामी पिशवी केराच्या डब्यात पडते आणि तिच्यावर काय छापले होते याकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. वास्तविक त्या मजकुरात पुष्कळ काही असते. दुधाचा प्रकार, स्निग्धांशाचे प्रमाण, दूध कोणत्या तारखेपर्यंत वापरावे ती तारीख, किंमत, चौदा अंकांचा एक क्रमांक आणि प्लॅस्टिकचा प्रकार सांगणारा बाणांचा छोटासा त्रिकोण. दूध विकणाऱ्याचे नाव मोठ्या, रंगीत अक्षरांत असते. ही माहिती मात्र बारीक अक्षरांत असते. तरीही ती छापावी लागते, कारण तिच्यामागे शासनाचे कोणते ना कोणते खाते उभे आहे.

दुधावर देखरेख ठेवणे हे अवघड काम आहे. एखाद्या कारखान्यात तयार होणाऱ्या वस्तूची तपासणी करायची तर कारखान्याच्या फाटकाशी उभे राहता येते. दुधाचे तसे नाही. २०२३-२४ या वर्षात भारतात सुमारे २३ कोटी ९३ लाख टन दुधाचे उत्पादन झाले. त्यातील फार मोठा वाटा दोन-चार जनावरे बाळगणाऱ्या कुटुंबांकडून आलेला असतो. असंख्य गोठ्यांतून लिटर-दोन लिटर करीत जमा होणारे हे दूध गावातील संकलन केंद्रावर एकाच टाकीत ओतले जाते. तेथून ते टँकरने शीतकरण केंद्रात, मग प्रक्रिया प्रकल्पात आणि शेवटी पिशवीत जाते. टाकीत पडलेले दूध कोणत्या गाईचे, हे त्यानंतर कोणालाही सांगता येत नाही.

स्वातंत्र्यानंतर १९५४ साली अन्नभेसळ प्रतिबंधक कायदा झाला. भेसळ करणाऱ्याला पकडावे आणि शिक्षा करावी, हा त्या कायद्याचा मुख्य विचार होता. २००६ च्या अन्न सुरक्षा व मानके कायद्याने हा विचार बदलला. अन्न सुरक्षित ठेवण्याची जबाबदारी ते तयार करणाऱ्यावर, साठवणाऱ्यावर, वाहून नेणाऱ्यावर आणि विकणाऱ्यावर आली. २००८ मध्ये भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरण स्थापन झाले आणि ऑगस्ट २०११ पासून नव्या कायद्याची प्रत्यक्ष अंमलबजावणी सुरू झाली. पिशवीवरचा चौदा अंकी क्रमांक हा या प्राधिकरणाच्या परवान्याचा क्रमांक होय. त्यातील पहिला अंक १ असेल तर तो परवाना, २ असेल तर लहान व्यावसायिकाची नोंदणी. पुढच्या दोन अंकांवरून राज्य कळते आणि त्यापुढील दोन अंकांवरून वर्ष.

कायद्याची भाषा नीट समजून घेणे येथे आवश्यक आहे, कारण वर्तमानपत्रांत ‘भेसळ’ हा एकच शब्द सर्वत्र वापरला जातो. कायदा मात्र तीन निरनिराळे दोष मानतो. ज्या अन्नाने आरोग्यास अपाय होईल ते असुरक्षित. ठरवून दिलेल्या मानकांना जे उतरत नाही, पण अपायकारकही नाही, ते कमी दर्जाचे. ज्याच्या वेष्टनावरील मजकूर खोटा किंवा दिशाभूल करणारा आहे ते मिथ्याछाप. असुरक्षित अन्न विकणाऱ्यास कारावास होऊ शकतो. कमी दर्जाच्या अन्नासाठी दंड आहे. २०११ मध्ये देशभरातून घेतलेल्या दुधाच्या १,७९१ नमुन्यांपैकी ६८.४ टक्के नमुने मानकांना उतरले नाहीत, तेव्हा देशातील दोन तृतीयांश दूध विषारी आहे असा अनेकांचा समज झाला. त्यांतील पुष्कळ नमुन्यांत मुख्य दोष पाण्याचा होता. ही फसवणूकच आहे. परंतु फसवणूक आणि विषबाधा यांत अंतर आहे.

पाण्याची गोष्ट आली म्हणून थोडे विषयांतर. दुधात पाणी मिसळणे हा नेहमीच गुन्हा ठरतो असे नाही. मुंबईच्या दूध योजनेत काम करणारे दारा खुरोडी यांनी म्हशीच्या घट्ट दुधात पाणी आणि स्निग्धांश काढलेल्या दुधाची भुकटी मिसळून स्वस्त दूध तयार केले. हेच टोन्ड दूध. त्यामुळे मुंबईतील अधिक लोकांना दूध परवडू लागले. खुरोडी यांना १९६३ साली वर्गीस कुरियन आणि त्रिभुवनदास पटेल यांच्यासमवेत मॅगसेसे पुरस्कार मिळाला. आजच्या मानकांनुसार टोन्ड दुधात किमान ३ टक्के स्निग्धांश आणि ८.५ टक्के स्निग्धांशविरहित घनपदार्थ असावे लागतात. गवळ्याच्या चोरट्या पाण्यात आणि खुरोडींच्या पाण्यात भेद एवढाच, की एक लपवलेले असते आणि दुसरे वेष्टनावर सांगितलेले असते.

लपवलेले पाणी पुढे अधिक अपराध घडवते. पाणी घातले की दुधाची घनता कमी होते आणि संकलन केंद्रावरील लॅक्टोमीटर ते दाखवून देतो. शेतकऱ्यांच्या भाषेत ‘डिग्री बसत नाही’. ती बसवण्यासाठी मग साखर, मीठ किंवा माल्टोडेक्स्ट्रिन घातले जाते. नत्राचे प्रमाण वाढवण्यासाठी युरियाही. अशा प्रकारे साधी लबाडी आरोग्याच्या प्रश्नापर्यंत येऊन पोहोचते.

संशय आल्यास अन्न सुरक्षा अधिकारी नमुना घेतो. पूर्वी यालाच अन्न निरीक्षक म्हणत. विक्रेत्याला लेखी सूचना देऊन, साक्षीदारासमक्ष नमुन्याचे चार भाग करून ते मोहोरबंद केले जातात. दूध नासू नये म्हणून त्यात फॉर्मालिनचे थेंब टाकतात. एक भाग अन्न विश्लेषकाकडे जातो आणि दोन भाग पदनिर्देशित अधिकाऱ्याकडे राहतात. विक्रेत्याने मागणी केल्यास चौथा भाग मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत पाठवला जातो. विश्लेषकाने चौदा दिवसांत अहवाल द्यावा असा नियम आहे. चौदा दिवसांत ते दूध केव्हाच पिऊन झालेले असते, ही या पद्धतीची मर्यादा उघड आहे. सामान्य ग्राहकालाही शुल्क भरून अन्न विश्लेषकाकडून तपासणी करून घेण्याचा अधिकार कायद्याने दिला आहे आणि अन्न सदोष निघाल्यास ते शुल्क परत मिळते. या अधिकाराची माहिती फार थोड्यांना असते.

२०१८ मध्ये प्राधिकरणाने दुधाची पुन्हा देशव्यापी पाहणी केली. १,१०३ शहरांतून ६,४३२ नमुने घेण्यात आले. त्यांपैकी भेसळीमुळे असुरक्षित ठरलेले नमुने केवळ १२ होते. मात्र ७७ नमुन्यांत प्रतिजैविकांचे अंश मर्यादेपेक्षा अधिक आढळले आणि ३६८ नमुन्यांत अफ्लाटॉक्सिन एम-१ हे विषद्रव्य. ते कच्च्या दुधापेक्षा प्रक्रिया केलेल्या, म्हणजे ग्राहक ज्याला अधिक विश्वासाचे मानतो त्या दुधात जास्त प्रमाणात सापडले. हे द्रव्य कोणी मुद्दाम दुधात घालत नाही. ओलसर जागी ठेवलेल्या पेंडीवर, मक्यावर बुरशी वाढते. तिच्यात तयार झालेले विष जनावराच्या पोटात जाते आणि रूप बदलून दुधात उतरते. दूध उकळल्याने ते नाहीसे होत नाही. लोकांची भीती भेसळखोराची आणि खरा धोका पावसात भिजलेल्या पेंडीच्या पोत्याचा, असे हे चित्र आहे.

येथेच देखरेखीतील सर्वांत मोठी फट दिसते. अन्न सुरक्षेच्या कायद्याने शेतकरी, शेतीची कामे, पिके आणि पशुधन यांना स्पष्टपणे आपल्या कक्षेबाहेर ठेवले आहे. सहकारी संस्थेचा सभासद असलेला आणि आपले सर्व दूध संस्थेलाच घालणारा उत्पादक नोंदणीतूनही मुक्त आहे. यामागचे कारण समजण्यासारखे आहे. दोन गाई सांभाळणाऱ्या माणसाच्या दारात निरीक्षक उभा केला, तर कागदांच्या ओझ्याखाली त्याचा धंदाच मोडेल. परंतु त्यामुळे दूध तपासणारा कायदा गोठ्याच्या उंबरठ्यावर थांबतो आणि दोष तर उंबरठ्याच्या आत असतो.

आत काय घडते हे एका उदाहरणाने पाहता येईल. दिवसाला आठ लिटर दूध देणाऱ्या गाईला कासदाह, म्हणजे शेतकरी ज्याला ‘दगडी’ म्हणतात तो रोग झाला. पशुवैद्यकाने प्रतिजैविकाचे इंजेक्शन दिले. औषधविषयक नियमांत २०१२ साली झालेल्या दुरुस्तीनुसार, औषध दिल्यानंतर किती दिवस त्या जनावराचे दूध खाण्यासाठी वापरू नये, हे बाटलीवर लिहावे लागते. शास्त्रीय चाचणीने असा काळ निश्चित झाला नसेल, तर दुधासाठी तो किमान सात दिवसांचा धरावा लागतो. आठ लिटरप्रमाणे सात दिवसांचे छप्पन्न लिटर दूध होते. ते ओतून द्यावे आणि शिवाय औषधाचा खर्च सोसावा, अशी अपेक्षा ज्या कुटुंबाकडून आहे, त्याचा आठवड्याचा बाजार त्याच दुधावर चालतो. या छप्पन्न लिटरांची भरपाई त्या नियमात नाही. ते दूध संकलन केंद्रावर गेले, तर फॅट आणि डिग्री मोजणारे यंत्र त्याला अडवणार नाही. अशा वेळी दूध घरीच ठेवणाऱ्या शेतकऱ्याच्या प्रामाणिकपणाची नोंद कोणत्याही वहीत होत नाही. मोठे दूध संघ आता प्रतिजैविकांची चाचणी करतात; पण टँकरमधील दुधात दोष निघाला तरी तो कोणाच्या गोठ्यातून आला, हे शोधणे कठीण असते.

गोठ्यात शासन मुळीच पोहोचत नाही असे मात्र नाही. गाई-म्हशींच्या कानात पिवळा बिल्ला दिसतो. त्यावर बारा अंकांचा क्रमांक असतो आणि त्या क्रमांकावर लसीकरणाची, उपचारांची नोंद ठेवता येते. सप्टेंबर २०१९ मध्ये मथुरेत सुरू झालेल्या राष्ट्रीय कार्यक्रमात लाळ्या-खुरकुताची लस आणि चार ते आठ महिन्यांच्या मादी वासरांना ब्रुसेल्लाची लस देण्याचे काम केंद्राच्या खर्चाने हाती घेण्यात आले. ब्रुसेल्ला हा रोग कच्च्या दुधातून माणसालाही होतो. २०२२ मध्ये लम्पी त्वचारोगाची साथ राजस्थान, गुजरात आणि महाराष्ट्रात पसरली, तेव्हा २००९ च्या प्राण्यांतील संसर्गजन्य रोगांविषयीच्या कायद्याचा आधार घेऊन जनावरांच्या वाहतुकीवर व बाजारांवर निर्बंध आले आणि गुरांना शेळ्यांच्या देवीची लस टोचण्यात आली. बैलबाजार बंद राहिल्याने अनेकांचे व्यवहार अडले. पण साथीच्या काळात दुसरा उपायही नव्हता.

गाईच्या कानात बारा अंक आणि दुधाच्या पिशवीवर चौदा अंक. दोन्ही क्रमांक शासनाचेच, परंतु ते एकमेकांना कधी भेटत नाहीत. एक पशुसंवर्धन खात्याच्या नोंदीत राहतो, दुसरा अन्न प्राधिकरणाच्या. त्यांच्यामध्ये संकलन केंद्राची ती टाकी असते.

खात्यांच्या सीमेवर काय घडू शकते, याचे एक जुने आणि दुःखद उदाहरण आहे. १९५८ मध्ये पॅराथिऑन हे कीटकनाशक आणि खाण्याचे पीठ एकाच जहाजातून केरळात आले. विष पोत्यांत झिरपले आणि शंभराहून अधिक माणसे दगावली. शेतीचे औषध हे शेतीपुरतेच आहे आणि अन्नाशी त्याचा संबंध नाही, असे त्यानंतर म्हणता येणे शक्य नव्हते. कीटकनाशकांचा कायदा त्यानंतर दहा वर्षांनी, १९६८ साली झाला.

दूध पातेल्यात पडले की अन्नाचा कायदा संपतो. पिशवी तेवढी हातात उरते आणि तिच्यासाठी तिसरे खाते, पर्यावरणाचे, पुढे येते. मुंबईत १९४९ साली आरे वसाहत स्थापन झाली. त्यानंतर कितीतरी वर्षे आरेचे दूध काचेच्या बाटलीतून मिळत असे. रिकामी बाटली दिल्याशिवाय भरलेली मिळत नसे, त्यामुळे बाटल्यांचा कचरा होत नसे. पुढे पॉलिथिनची पिशवी आली. ती हलकी, स्वस्त आणि न फुटणारी. बाटल्या धुण्याचे श्रम व पाणी वाचले. परत करण्याची सवय मात्र बाटलीबरोबरच गेली.

ती सवय कायद्याने परत आणण्याचे प्रयत्न आता चालू आहेत. २०१६ च्या प्लॅस्टिक कचरा व्यवस्थापन नियमांनी वेष्टन बाजारात आणणाऱ्यावरच ते गोळा करण्याची जबाबदारी टाकली आणि २०२२ मध्ये त्यासाठी वजनाची उद्दिष्टे ठरवून देण्यात आली. उत्पादकाने पुनर्प्रक्रिया करणाऱ्याकडून तेवढ्या वजनाची प्रमाणपत्रे घ्यावीत, अशी ही व्यवस्था आहे. २०२३ मध्ये काही पुनर्प्रक्रियाकारांनी बनावट प्रमाणपत्रे तयार केल्याचे उघड झाले; म्हणजे देखरेखीच्या कागदावरही देखरेख ठेवणे आले. महाराष्ट्राने २०१८ च्या प्लॅस्टिकबंदीतून दुधाच्या पिशवीला काही अटींवर वगळले. पिशवी ५० मायक्रॉनपेक्षा जाड असावी आणि तिच्यावर परत घेण्याची किंमत, किमान पन्नास पैसे, छापावी, अशी अट होती. पन्नास पैशांसाठी धुतलेली पिशवी दुकानात घेऊन जाणारा ग्राहक मात्र क्वचितच दिसतो.

तरीही दुधाची पिशवी ही प्लॅस्टिकच्या कचऱ्यातील त्यातल्या त्यात चांगली वस्तू आहे. ती एकाच जातीच्या प्लॅस्टिकची असल्याने वितळवून तिच्यापासून पुन्हा वस्तू करता येतात. धुऊन वाळवलेल्या पिशव्या भंगारवाला वजनावर विकत घेतो. वेचक महिलाही कचऱ्याच्या ढिगातून त्या प्रथम उचलतात. प्रश्न उरतो तो कापलेल्या कोपऱ्याचा. पिशवीला नुसती चीर दिली, तर कोपरा पिशवीलाच लागून राहतो आणि तिच्याबरोबर भंगारात जातो. तो कापून वेगळा केला, तर नखाएवढा तुकडा मोरीतून गटारात किंवा ओल्या कचऱ्यातून खताच्या खड्ड्यात जातो. असे मूठभर तुकडे गोळा केले तरी तराजूचा काटा जेमतेम हलतो. त्यामुळे ते कोणी वेचत नाही.